थळ मागण्याचा हक्क

सतराव्या-अठराव्या शतकांत मराठी मुलखात वतनाच्या तंट्यांवर जे महजर, म्हणजे सभेतील निवाड्याचे कागद, झाले, ते वाचू लागले म्हणजे प्रथम लक्षात भरते ती त्यांतील हाजीर असलेल्या लोकांची लांबलचक यादी. देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, गावोगावचे पाटील आणि कुळकर्णी ही मंडळी अर्थातच अग्रभागी असतात. परंतु त्यांच्या मागोमाग सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार असे बलुतेदारही ओळीने उभे असतात आणि ज्यांना अक्षरओळख नाही ते आपल्या नावापुढे आपापल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करतात. पाटलाचा नांगर तर ठरलेलाच. या जमावास गोत म्हणत, त्यात सरकारी अंमलदार बसले म्हणजे ती मजलस होई, आणि तिने केलेला निवाडा हा गावाच्या पांढरीने केलेला निवाडा समजला जाई. वकील नाही, छापील कायदा नाही, पगारी न्यायाधीश नाही, अशा स्थितीत पिढ्यान्‌पिढ्या चिघळलेले पाटीलकीचे आणि शिवेचे तंटे या लोकांनी कसे मिटवले, याचे कुतूहल एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अंमलदारांना वाटले आणि आजच्या कायदेपंडितांनाही वाटते. मात्र हे कुतूहल पुष्कळदा भाबड्या कौतुकात परिणत होते, आणि तेथेच सावध राहिले पाहिजे.

पद्धत ढिली होती असे मुळीच नाही. तंटा गोतापुढे आला की उभयपक्षांकडून राजीनामा लिहून घेत, म्हणजे जो निवाडा होईल तो आपणांस मान्य आहे असे आगाऊ कबूल करून घेत. मग जामीन घेत. मग अग्रवादी आणि पश्चिमवादी यांच्या तकरिरा होत, जुने कागद तपासले जात, साक्षीदारांना देवापुढे बेलभंडार उचलावयास लावून पुसले जाई, आणि अखेरीस जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळून हरणाऱ्याकडून, या वतनाशी आपला आता अर्थाअर्थी संबंध राहिला नाही, अशा आशयाचे यजितखत लिहून घेतले जाई. जिंकणाऱ्याने हरकी आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावयाची, म्हणजे निकाल कसाही लागो, सरकारचा वसूल चुकत नसे. न्यायासाठी पैसे मोजण्याची चाल इंग्रजांनी आणली असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

या न्यायाचे खरे बळ ओळखीत होते. शिवेचा दगड पूर्वी कोणत्या ओढ्याच्या काठी होता, अमक्याच्या आजाने वतन विकले की गहाण टाकले, तमके घराणे दुष्काळात परागंदा झाले तेव्हा त्यांची जमीन कोणी कसली, या गोष्टी ज्यांना ठाऊक होत्या तेच निवाडा करावयास बसत, आणि खोटे बोलणाऱ्यास आपण कोणापुढे खोटे बोलत आहोत याची जाणीव असे. शिवेच्या तंट्यात गावच्या महाराच्या साक्षीला जे वजन होते, ते त्याला गावगाड्याच्या दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात मिळत नसे, हेही येथेच नमूद करावयास हवे. शिवाय वादी आणि प्रतिवादी यांना निकालानंतरही एकाच पाणवठ्याच्या आणि एकाच जत्रेच्या गावात नांदावयाचे होते. तेव्हा गोताचा कल एकास सर्वस्व देऊन दुसऱ्यास धुळीस मिळविण्यापेक्षा विभाग पाडून देण्याकडे अधिक असे.

परंतु ओळखीचा न्याय हा ओळखीच्या माणसाचा न्याय असतो. ज्याचे सोयरेधायरे गोतात अधिक, ज्याच्या वाड्यावर पंचांची ऊठबस अधिक, त्याचे पारडे तंटा उभा राहण्यापूर्वीच जड झालेले असे. स्त्री वादी म्हणून येऊ शके, पण निवाडा देणाऱ्यांत तिला जागा नसे. अस्पृश्याची निशाणी महजरावर उमटे, पण ती यादीच्या शेवटी, आणि त्याचे स्वतःचे गाऱ्हाणे पाटलाविरुद्ध असले तर ते ऐकणारा पुष्कळदा पाटीलच असे. जेथे कागद नाहीत आणि साक्षी समसमान आहेत, तेथे दिव्याचा आश्रय करीत: रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, मग तो हात पिशवीत घालून मोहोर लावावयाची, आणि मुदतीनंतर तो भाजला की नाही हे पाहून वतनाचा धनी ठरवावयाचा. दिव्यास उभे राहावे लागेल या भीतीने पुष्कळ खोटे दावे आपोआप गळत असतील हे खरे. तथापि त्याच भीतीने किती खरे दावे गळाले असतील, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही.

असे असूनही ही संस्था टिकली, आणि माझ्या मते तिच्या टिकण्याचे श्रेय तिच्या शहाणपणापेक्षा तिच्यातील एका सोयीला अधिक द्यावे लागेल. आपल्या गावचे गोत प्रतिपक्षाला मिळाले आहे असे ज्याला वाटे, त्याला दुसरे थळ, म्हणजे निवाड्याची दुसरी जागा, मागता येत असे. हे लोक पक्षपाती आहेत, यांच्या पुढचा निवाडा आपणांस मान्य नाही, असे सांगून तो दूरच्या परगण्याच्या गोताकडे, पैठणसारख्या क्षेत्रातील ब्रह्मसभेकडे, किंवा थेट हुजुरात जाऊ शके. पेशवाईत पुण्यास रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश असताना या हुजुरात जाण्याला काही अर्थही होता. एकेका वतनाचा तंटा तीन-तीन, चार-चार थळे फिरे, राज्ये बदलत तरी मिटत नसे, आणि या दिरंगाईबद्दल इतिहासकारांनी नाके मुरडली आहेत. मला मात्र ही दिरंगाई म्हणजे पंचांच्या मनमानीवर असलेला एकमेव लगाम वाटते. पंच आणि पाटील यांना ठाऊक असे की वादी येथून उठून जाऊ शकतो. अर्थात उठून जाण्याचा खर्च पेलणारा वतनदारच असावयाचा. ज्याच्या घरी पुढच्या हंगामाचे बियाणे नाही, त्या कुळाला दूरचे थळ हे असून नसल्यासारखे होते.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली गव्हर्नर-जनरलकडे जो विस्तृत अहवाल पाठविला, त्यात पंचायतीचे वर्णन आले आहे. हा मनुष्य डोळस होता. पंचांना मेहनताना नाही, हजर राहण्याची सक्ती नाही, निकालाची अंमलबजावणी अंमलदाराच्या मर्जीवर, लाच आणि पक्षपात यांना वाव, हे सारे दोष त्याने नमूद केले, आणि तरीही ही संस्था राखावी असेच मत दिले. पंचायतीपर्यंत न जाता सावकार तगाद्याने आपले पैसे कसे वसूल करी, हेही त्याने लिहून ठेवले आहे: दारी धरणे धरून बसण्यापासून ते ऋणकोला अन्नपाणी तोडून, डोक्यावर दगड देऊन उन्हात एका पायावर उभे करण्यापर्यंत. जुन्या काळी कोर्टकज्जे नव्हते म्हणून लोक सुखी होते, असे म्हणणाऱ्यांनी या उन्हातल्या माणसाची साक्ष अवश्य काढावी.

पुढे एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला, १८२७ चे कायदे त्याच्याच कारकीर्दीत झाले, आणि पंचायतीला त्यांत जागाही ठेवण्यात आली. पण ती जागा हळूहळू रिकामी पडली. कोणी हुकूम काढून पंचायत बंद केली नाही. पूर्वी पंच म्हणून बसणे हा मान होता आणि न बसणे म्हणजे मामलेदाराचा रोष होता. आता मानही राहिला नाही आणि रोषही, तेव्हा स्वतःची शेती-दुकान टाकून परक्याच्या भांडणात दिवस घालविण्यास शहाणी माणसे कां कू करू लागली. उलट मुनसफाच्या कचेरीत मिळणाऱ्या हुकूमनाम्यामागे बेलीफ होता, जप्ती होती, लिलाव होता. सावकाराने कोणता मार्ग धरावा हे सांगावयास नको.

त्याची फळे १८७५ साली दिसली. कुणब्याकडून खतावर निशाणी घ्यावयाची, मुदत सरत आली की व्याज मुद्दलात मिळवून नवे खत करावयाचे, आणि फिर्याद झाली की कुळ कचेरीच्या भीतीने हजरच राहत नसल्यामुळे एकतर्फी हुकूमनामा घ्यावयाचा, हा क्रम पुणे आणि नगर जिल्ह्यांत इतका रूढ झाला की १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि तेथून दंगे पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः खतांवर होता. ती हस्तगत करून जाळणे हाच त्यांचा निवाडा. पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीराव फुल्यांनी कचेरीत निरक्षर शेतकऱ्याला नाडणाऱ्या कारकून-वकिलांचे जळजळीत चित्र काढले. पण गावच्या कुळकर्ण्यालाही त्यांनी सोडले नाही. कोर्ट वाईट म्हणून गावकी चांगली, असा सोपा हिशेब त्यांनी मांडला नाही, हे त्यांच्या दृष्टीचे मोठेपण.

दंग्यांच्याच दशकात सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी लवाद कोर्टे काढून लोकांनी आपले तंटे आपसांत मिटवावेत असा प्रयत्न केला. सरकारनेही १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात सलोखा करविणारे अधिकारी आणि गावमुनसफ नेमले: शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी या अधिकाऱ्याचा दाखला आणावयाचा, आणि त्याच्यापुढे तडजोड झाली तर ती कोर्टात दाखल होऊन हुकूमनाम्याइतकीच पक्की व्हावयाची. योजना उत्तम, पण उद्याचे बियाणे ज्याच्याकडून उसने आणावयाचे त्या सावकारासमोर बसून कुळाने केलेली तडजोड किती खुशीची असणार?

आपसांतल्या निवाड्याचे याहून कठोर रूप जातपंचायतीचे. तेथे पंच घरचे, कायदा घरचा आणि शिक्षाही घरची: दंड, वाळीत टाकणे, रोटीबेटी बंद. तिच्या आज्ञेविरुद्ध पोलिसांत किंवा कोर्टात जाणे हाच मोठा गुन्हा ठरे, म्हणजे दुसरे थळ मागण्याचा हक्क तेथे मुळापासून छाटलेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांचा जो कठोर समाचार घेतला, तो अनेकांना त्या वेळी झोंबला. ज्याने वाळीत पडलेले घर पाहिले आहे त्याला तो झोंबण्याचे कारण नव्हते. मुंबई राज्याने १९४९ साली केलेला बहिष्कारबंदीचा कायदा धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर १९६२ साली सर्वोच्च न्यायालयात रद्द झाला, आणि सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा २०१६ चा कायदा महाराष्ट्रात होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे.

सरकारी छत्राखालची पंचायतही अधूनमधून नव्याने जन्म घेत राहिली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील न्यायपंचायती पुढे वगळल्या गेल्या. २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली आणि पुष्कळ गावांत बांधाचे, भाऊबंदकीचे तंटे समितीपुढे खरोखर मिटले. मात्र तंटे मिटल्याबद्दल गावाला बक्षीस मिळणार असले म्हणजे तंटा न सोडणारा मनुष्य गावाच्या डोळ्यांत सलू लागतो, आणि नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला समितीने ‘समजुतीने घ्या’ म्हणून परत धाडले तर तंटा मिटला असे कागदावर लिहिता येते. फौजदारी गाऱ्हाण्यांत गावकीने हात घालूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकन्यायालयाची गोष्ट निराळी, कारण त्याला कायद्याचा पाया आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार लोकन्यायालयात झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी समजली जाते, भरलेली कोर्ट-फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील चालत नाही. मोटार अपघाताची भरपाई, बँकेचे कर्ज, न वटलेला धनादेश, अशा प्रकरणांत वर्षानुवर्षांची तारीख चुकते हा लाभ लहान नव्हे. मात्र बँकेसमोर कर्जदार किंवा विमा कंपनीसमोर अपघातात मेलेल्याची विधवा बसते, तेव्हा एका बाजूला सवड असते आणि दुसऱ्या बाजूला निकड, आणि निकडीचा माणूस थोडक्यात राजी होतो. म्हणून ज्यांना अशा नोटिसा येतात त्यांनी एवढे पक्के लक्षात ठेवावे: नेहमीच्या लोकन्यायालयास (सार्वजनिक सेवांसाठीचे स्थायी लोकन्यायालय वेगळे) तुमच्या संमतीवाचून निवाडा देण्याचा अधिकार नाही, नकार दिला तर न्यायालयात चालू असलेले प्रकरण पुन्हा त्याच न्यायालयाकडे जाते आणि तुमचा हक्क बुडत नाही, पण एकदा सही केली की वर दाद मागण्याचा मार्ग जवळपास बंद होतो, तेव्हा कागद संपूर्ण वाचून घेतल्याखेरीज, किंवा विश्वासाच्या माणसाकडून वाचवून घेतल्याखेरीज, सही करू नये.