सर्पगंधा: चाकरमान्याच्या गाठोड्यातून हृदयरोगाच्या औषधात

डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना सोबत झाडपाल्याचं औषध घ्यावं का? हृदयरोग्याच्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. आज आपण त्याचा इतिहास पाहू, आणि सुरुवात करू रत्नागिरीपासून.

1890 ते 1893 या काळात विल्यम डायमॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ निघाला. त्यात सर्पगंधेबद्दल एक नोंद आहे. दक्षिण कोकणातून मुंबईला येणारे मजूर या झाडाची मुळी जवळ बाळगतात आणि पोटदुखीवर वापरतात. दक्षिण कोकण म्हणजे मुख्यतः तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा. आजचा बराचसा सिंधुदुर्गही त्यातच होता. म्हणजे बघा, चाकरमान्याच्या गाठोड्यात मुळी होती, पण ती पोटासाठी. रक्तदाबाचा तिथे उल्लेख नाही.

तो धागा पुढे सापडला. 1931 मध्ये कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग नोंदवला. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांना ती देऊन, रक्तदाब मोजून, 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. मग जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं.

आता आपला मुद्दा येतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत हेच रेसर्पिन हायड्रोक्लोरोथायझाइड आणि हायड्रॅलाझिन या दोन आधुनिक औषधांबरोबर दिलं गेलं. 380 पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल 1970 मध्ये आला. नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्यांपैकी 11 जणांना हार्ट फेल्युअर झालं. खरं औषध घेणाऱ्यांत एकालाही नाही. वनस्पतीतून आलेलं औषध आणि कारखान्यातलं औषध एकत्र येऊन माणसं वाचली, ती अशी.

पण याच रेसर्पिनने काही रुग्णांना खोल नैराश्यात ढकललं. आणि हार्ट फेल्युअरचं जुनं औषध डिजॉक्सिन, तेही मूळचं डिजिटॅलिस वनस्पतीतलं, त्याच्यासोबत रेसर्पिन देताना हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून जपून द्या, असा इशारा द्यावा लागला. दोन्ही औषधांचं मूळ वनस्पतीच, तरी जोडी धोक्याची!

अर्जुनाच्या सालीचंही असंच. 1995 मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या 12 रुग्णांना ती जोडीला दिली आणि सुधारणा नोंदवली. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये मोठ्या चाचणीत, 12 आठवड्यांनंतरही, हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता वाढली नाही. काहींची चालण्याची ताकद मात्र सुधारली. म्हणजे साल टाकाऊ नाही, पण गोळ्या बंद करून तिच्यावर भिस्त ठेवावी असंही नाही.

आपल्या इतिहासात मुळी कामी आली, ती मात्रा ठरल्यावर आणि रुग्णाचं काय होतंय ते कुणीतरी मोजल्यावर. ज्येष्ठमधाचंच घ्या. रोज भरपूर घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं, आणि डिजॉक्सिन घेणाऱ्याला तेच घातक ठरतं. तेव्हा घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल, तर काढा, चूर्ण, साल जे काही चालू आहे ते गोळ्यांच्या यादीतच लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. वैद्यांकडे गेलात तर तीच यादी त्यांनाही दाखवा.