बडोद्याचं 1985 साल

बडोद्यातल्या रसायन-उद्योगाची गोष्ट लोक कलाभवन या तंत्रशाळेपासून सांगतात. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये ते काढलं, त्रिभुवनदास गज्जरांकडे सोपवलं. पुढे गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी 1907 मध्ये अलेम्बिक ही कंपनी उभी केली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ही नावं आदरानेच घेतली जात. पण जन्मभर रसायनशास्त्र शिकवल्यावर मला या शहराचं 1985 साल तितकंच मोलाचं वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

कोयलीची रिफायनरी 1965 ची. तिच्या शेजारी इंडियन पेट्रोकेमिकल्स (आयपीसीएल) ही सरकारी कंपनी आली आणि 1973 मध्ये तिथे डीएमटी, म्हणजे पॉलिएस्टरचा कच्चा माल, तयार होऊ लागला. टेरिकॉटच्या शर्टांचे दिवस होते ते. डीएमटीसाठी पॅरा-झायलीन लागते. रिफायनरीतल्या नाफ्थ्यापासून मात्र ऑर्थो, मेटा, पॅरा तिन्ही झायलीन एकत्रच मिळतात. पॅरा 138 अंशांना उकळते, मेटा 139 ला; ऊर्ध्वपातन करून त्या कशा वेगळ्या होणार? शिवाय समतोलात पॅराचा वाटा जेमतेम पाव. ती काढून घ्यायची, उरलेल्यांची उत्प्रेरकावर पुन्हा पॅरा करायची, असे फेरे सतत चालू. प्रत्येक फेऱ्यात थोडी झायलीन भलतीकडे जाते: दोन रेणू एकमेकांना भिडतात, एकाचं टोल्युइन होतं, दुसऱ्यावर तिसरा मिथाइल गट चढतो. तेवढा नाफ्था वाया, तेवढं इंधन जास्त.

पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाइट हा झिओलाइट, म्हणजे सच्छिद्र स्फटिकाचा, उत्प्रेरक घडवला. अशा झिओलाइटची छिद्रं साधारण अर्ध्या नॅनोमीटरची, वाड्याच्या दिंडी दरवाजासारखी: एकेकानेच आत शिरावं. दोन झायलीन रेणूंना आत एकमेकांना भिडायला जागाच नाही, म्हणून नासाडी कमी. एसीसी ही सिमेंट कंपनी, आयपीसीएल आणि पुण्याची प्रयोगशाळा यांनी मिळून यावर झायलोफायनिंग ही प्रक्रिया उभी केली आणि 1985 मध्ये ती बडोद्यात चालू झाली.

माझं मन खिळतं ते कारखान्याची भट्टी या नव्या उत्प्रेरकाने भरण्याच्या निर्णयावर. प्रयोगशाळेत चार ग्रॅमवर जमलेलं काम टनांवर जमेलच असं नाही. उत्प्रेरकाचे दाणे चुरले, त्यांच्यावर कार्बन साचला, तर पुढचं डीएमटीही अडतं. परदेशी उत्प्रेरक मागवून निर्धास्त राहता आलं असतं. सरकारी कंपनीत हे धाडस ज्यांनी केलं, त्यांना मी शास्त्रज्ञांइतकाच मान देतो.

बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी 1983 पासून लांबलचक कालव्याने खंभातच्या आखाताकडे जातं. म्हणूनच मला झिओलाइटसारख्या घन उत्प्रेरकाचं महत्त्व जास्त वाटतं. उत्प्रेरक म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइड वापरलं की माल पाण्याने धुवावा लागतो आणि आम्लाचं ते पाणी कुठेतरी सोडावं लागतं. झिओलाइट भट्टीतच राहतो. माल त्याच्यावरून वाहत पुढे जातो. पुढे पुण्याच्याच झिओलाइटवर विशाखापट्टणमला अल्कोहोलपासून एथिलबेन्झीन बनलं, तेही ॲल्युमिनियम क्लोराइडशिवाय.