अर्क, दुआतशा आणि बेवडा

बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यांत वडनेर भोलजी हा गांव आहे. या बाजूच्या एखाद्या जुन्या वैद्यघराण्यांतील बाड संग्राहकाच्या हातीं आलें, त्यांत काढलेल्या मद्यांत वनस्पति भिजवून तें पुनः भट्टीवर चढविण्याची कृति निघाली आणि ती रावणोक्त म्हणून सांगितलेली असली, तर तिचा काळ कसा ठरवावा? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. नांवावर विसंबल्यास कृति पुराणकाळांत जाते. नांव खोटें म्हणून बाड टाकून दिल्यास खरें साधन नष्ट होतें.

रावणाच्या नांवावर ‘अर्कप्रकाश’ हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्धच आहे. त्यांत रावण मंदोदरीस अर्क काढण्याची विद्या सांगतो. परंतु त्याच ग्रंथांत फिरंगरोगाचें नांव येतें. हा रोग पोर्तुगीज सन १४९८ त हिंदुस्थानांत आल्यानंतर येथें माहीत झाला. सबब ग्रंथ सोळाव्या शतकापलीकडे नेतां येत नाहीं. शिवाय प्राचीन संस्कृतांत अर्क म्हणजे सूर्य किंवा रुई. भट्टींतून ठिबकणाऱ्या सत्त्वास लाविलेला अर्क हा अरबी ‘अरक’ म्हणजे घाम, या शब्दाचा संस्कृत वेष होय.

याउलट कौटिल्याच्या सुराध्यक्षप्रकरणांत मैरेयाची कृति पाहावी. मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी, मिरीं अथवा त्रिफळा असे तीं द्रव्यें आहेत. परंतु हीं सर्व आंबविण्यांत पडतात. आसवें व अरिष्टें यांची परंपरा हीच. ऊर्ध्वपातनाचें वर्णन तेथें नाहीं. गांधारांत सांपडलेल्या मृत्पात्रांवरून ही क्रिया हिंदुस्थानांत प्राचीन काळींच होती असें ऑल्चिन यांनीं सन १९७९ त प्रतिपादिलें. तें मान्य केलें तरी क्रियेचा काळ व ती सांगणाऱ्या शब्दांचा काळ हे भिन्नच राहतात.

वऱ्हाड सन १५९६ त अकबराकडे गेला. त्याच सुमारास लिहिलेल्या आईन-इ-अकबरींत अबुल फजल उंसाच्या मद्याविषयीं सांगतो, कीं पुनः काढिलेल्या मद्यास दुआतशा, म्हणजे दोनदां अग्नि दाखविलेलें, म्हणतात; त्यांत हात भिजवून विस्तवाजवळ धरिला तर मद्य पेटतें, हात भाजत नाहीं. आपल्या भाषेंतील ‘बेवडा’ याचाच भाऊ. आज तो मद्यप्यास लावितात. मूळ अर्थ दोनदां काढलेली दारू. गोमंतकांतही काजूच्या आंबलेल्या रसाचा प्रथम उर्राक निघतो, तो पुनः भट्टीवर चढवून फेणी होते, आणि अनंतमुळाच्या मुळ्यांचा स्वाद दिलेल्या फेणीस दुखशिरी म्हणतात.

तेव्हां संग्राहकांनीं पहिली गोष्ट पाहावी ती ही, कीं वनस्पति आंबविण्यापूर्वीं पडते, काढलेल्या मद्यांत पडून पुनः भट्टीवर जाते, कीं शेवटीं नुसती मुरते. ऊर्ध्वपातनांत वेलदोडा, बडीशेप, वाळा यांचा उडून जाणारा गंधच वाफेबरोबर येतो. केशराचा रंग, चिराइताचा कडवटपणा व ज्येष्ठमधाची गोडी भांड्यांतच राहतात. कृतींत केशरासह मद्य पुनः काढावें, म्हणजे सोन्यासारखें दिसेल, असें लिहिलेलें असल्यास लेखकानें तें करून पाहिलेलें नाहीं, किंवा नकलकारानें पायरी उलटी केली आहे, असें समजावें. रंगाकरितां केशर शेवटींच पडलें पाहिजे. पाठभेद ठरवितांना ही कसोटी अक्षरवटिकेइतकीच उपयोगी आहे.

मात्र तपासणी कागदावरच व्हावी. सन १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें महाराष्ट्रांत परवान्याविना मद्य काढणें हा गुन्हा आहे, आणि घरच्या भट्टीचें विष पुष्कळांच्या जिवावर बेतलेलें आहे. आमची विनंती एवढीच, कीं वऱ्हाडांतील बाडांमधील अर्कांचीं पानें औषधी टिपणें म्हणून वेगळीं काढून टाकूं नयेत. तीं शेजारच्या पानांसह, आहेत त्या क्रमानें उतरून घ्यावीं. काळाचा पुरावा बहुधा त्या क्रमांतच असतो.