तीन क्षार, एक चव

मसाला नूडल्सच्या किंवा चिप्सच्या पाकिटावर बारीक अक्षरांत ६२१, ६२७, ६३१, ६३५ असे आकडे छापलेले असतात. या आकड्यांमागे जपानी स्वयंपाकघराचा इतिहास आहे.

दाशी हे जपानी रस्सापाणी कोम्बू हे समुद्रशैवाल आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन कडक वाळवलेला कुप्याच्या जातीचा मासा, यांपासून करतात. १९०८ साली तोक्यो इम्पिरियल विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी कोम्बूमधून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटले. ते आम्ल जर्मन रसायनज्ञ रिटहाउझेन यांना १८६६ मध्येच गव्हाच्या ग्लुटेनमध्ये सापडले होते. त्याचे चवीशी असलेले नाते इकेदांनी ओळखले. १९०९ मध्ये त्याचा सोडियम क्षार ‘आजिनोमोतो’ नावाने बाजारात आला. हाच ६२१. इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये कात्सुओबुशीतून इनोसिनेट शोधले. त्याचा सोडियम क्षार म्हणजे ६३१. पुढे १९५०च्या दशकात आकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेटची (६२७) चव दाखवून दिली. ते शिताके अळंब्यांत असते. ६३५ हे ६२७ आणि ६३१ यांचे मिश्रण.

तिघांची तुलना करताना खरे महत्त्व कुनिनाकांच्या दुसऱ्या निष्कर्षाला आहे. इनोसिनेट आणि ग्वानिलेट एकटे फारसे काही करत नाहीत. ग्लुटामेटच्या जोडीला त्यांची चिमूट पडली, की चव कित्येक पटींनी वाढते. शैवाल आणि मासा एकत्र उकळणाऱ्या स्वयंपाक्यांना हे रसायनशास्त्राच्या आधीच हाताने कळले होते.

म्हणून पाकिटावर ६३५ असेल आणि ६२१ नसेल, तर ग्लुटामेट कुठून येते, हे विचारायला हवे. ते बहुधा यीस्टच्या अर्कातून, टोमॅटोच्या भुकटीतून किंवा विघटित वनस्पती प्रथिनांतून येते. युलिउस मागी यांनी १८८०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये अशाच प्रथिनांपासून चवीचा अर्क केला होता. त्यांचेच नाव मिरवणाऱ्या नूडल्सवर २०१५ मध्ये भारतात बंदी आली, तेव्हा शिशाबरोबरच ‘एमएसजी मिसळलेले नाही’ या मजकुरावरही आक्षेप होता. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नैसर्गिक न्याय डावलल्याचे नोंदवून ती बंदी रद्द केली आणि फेरतपासणीचा आदेश दिला.

‘मिसळलेले नाही’ आणि ‘नाही’ यांत अंतर आहे. आपल्याकडच्या शाकाहारी घरांसाठी आणखी एक गोष्ट: ६३१ मांस-मासळीपासूनही बनते आणि पिष्ट आंबवूनही. आकडा दोन्हींचा एकच. तो फरक पाकिटावरचा हिरवा ठिपकाच सांगतो.