उपराष्ट्रपतिपद आणि १९६९ चा घटनात्मक पेच
राष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास उपराष्ट्रपती ते कार्य सांभाळतो, हे संविधानाच्या अनुच्छेद ६५ ने निश्चित केले. उपराष्ट्रपतीही नसेल तर काय, हे मात्र संसदेवर सोपविले. ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाल्यावर संसदेने कायदा करून ती जबाबदारी सरन्यायाधीशांना दिली. ही दूरदृष्टी लगेच उपयोगी पडली. निवडणूक लढविण्यासाठी व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला आणि २० जुलै रोजी न्या. हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. भंडारा जिल्हा ज्याच्या अधिकारक्षेत्रात होता, त्या नागपूर उच्च न्यायालयाचे ते १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले होते. पुढे १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवडून आले. खासदारांना मतदान करावेच लागले नाही. ऑक्टोबर १९८२ मध्ये ग्यानी झैलसिंग उपचारार्थ परदेशी असताना त्यांनी पुन्हा राष्ट्रपतींची कार्ये पाहिली, या खेपेस अनुच्छेद ६५ च्याच आधारे.