पवनीत वाघाशिवायही काही आहे

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली जाहीर झालं, तेव्हापासून पवनी म्हटलं की लोकांना जिप्सी आणि वाघच आठवतो. परवा एका पर्यटकाने चहाच्या टपरीवर विचारलं, "गावात पाहाले का आहे जी?" टपरीवाला म्हणाला, "काही नाही, देवळं आहेत." म्हणून ही पोस्ट.

गावाभोवती मातीचा जुना तट आहे, बाहेर खंदक. जवाहर गेटमधून आपण रोज मोटारसायकल काढतो, ते त्या तटातलंच दार. वैनगंगेच्या काठावरचं हे नगर सातवाहनांच्याही आधीचं.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. जगन्नाथ टेकडीत निघाला प्रचंड बौद्ध स्तूप. एका शिल्पात पाच फण्यांचा नाग, त्याच्याखाली रिकामं आसन आणि शेजारी ब्राह्मीत नाव : मुचलिंद नाग. बुद्धावर पावसात फणा धरणारा तोच. बुद्धाची मूर्ती घडवायची रीत तेव्हा नव्हती, म्हणून आसन रिकामं.

मला मात्र सगळ्यात भावतात ते कठड्याच्या दगडांवरचे छोटे लेख. अमक्याचं दान, तमकीचं दान. एवढंच. राजाने एकट्याने बांधलेलं हे काम नव्हे, साध्या माणसांनी, बायांनीही, एकेक दगड दिलाय. आपण गणपतीची वर्गणी काढतो आणि पाटीवर नावं लिहितो ना, तसंच.

पवनीतच 'रुपिअम्म' नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा छायास्तंभही सापडला. पश्चिमेकडच्या क्षत्रपांचं नाव वैनगंगेपर्यंत कसं आलं, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

आता रुयाडला नवा महास्तूप आहे, तिथे गर्दी होते, चांगलंच आहे. पण जुन्या स्तूपाच्या टेकडीकडे कोण वळतो? पवनीचे शिलालेख, शिल्पं बघायची तर संग्रहालयं गाठावी लागतात, गावाबाहेरची.

माझं म्हणणं साधं आहे. जवाहर गेटजवळ एक खोली द्या, दगडांच्या प्रतिकृती आणि मराठीत माहिती लावा. जगन्नाथ टेकडीचा रस्ता दाखवणारी पाटी सफारीच्या गेटवर लावा. आणि तटाची माती घरबांधणीला नेणं तेवढं थांबवा.