हजार आवाजांचा धनी

आपल्याकडचा बहुरूपी सकाळी पोलीस होऊन दारात येतो आणि दुसऱ्या दिवशी साधू. लक्ष्मण देशपांडे तर 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी करत. पण त्यांचा चेहरा तरी प्रेक्षकांसमोर असे. ज्याचा चेहरा सहसा पडद्यावर दिसायचा नाही, अशा एका बहुरूप्याविषयी आज लिहायचे आहे. त्याचे नाव मेल ब्लँक.

१९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आले आणि केबलवाल्याच्या कृपेने बग्ज बनी नावाचा गाजरखाऊ ससा आपल्याही घरांत शिरला. तो ससा, डॅफी हे बदक, तोतरा पोर्की, पिवळा ट्वीटी आणि त्याच्या मागे लागलेला बोका सिल्व्हेस्टर, या सगळ्यांमागे मूळ आवाज एकाच माणसाचा होता. म्हणजे ती पात्रे भांडत तेव्हा हा गृहस्थ स्वतःशीच भांडत असे!

ब्लँक यांचा जन्म १९०८ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बालपण पोर्टलंडमध्ये गेले. मूळ आडनावाचा इंग्रजीत अर्थ 'कोरा'. तू नावासारखाच कोरा राहणार, असे शाळेतल्या बाईंनी सुनावले म्हणून आपण स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर बदलले, असे ते सांगत. पुढे रेडिओवर नकला करत ते हॉलिवूडला पोचले. लिओन श्लेसिंगर यांच्या कार्टून स्टुडिओत, जिथली चित्रे वॉर्नर ब्रदर्स दाखवत असे, त्यांनी कितीतरी चकरा मारल्या. माणसे निवडणारा दर वेळी परत पाठवी. त्याच्या जागी ट्रेग ब्राउन आले तेव्हा कुठे दार उघडले. १९३७ मध्ये पहिले काम मिळाले ते एका दारुड्या बैलाचे.

पोर्कीचा आधीचा आवाज ज्यो डॉहर्टी यांचा. ते खरोखरच तोतरे होते, त्यामुळे ध्वनिमुद्रण लांबत जाई. ब्लँक यांनी हवे तेव्हा, हवे तेवढेच तोतरे बोलून दाखवले. कार्टूनमध्ये आवाज आधी आणि चित्र नंतर, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संवाद मुद्रित होत, मग त्या बरहुकूम ओठ रेखाटले जात. डॅफी आणि सिल्व्हेस्टर यांची बोलण्याची ढब जवळजवळ एकच. फक्त डॅफीच्या मुद्रणाची गती वाढवलेली.

मी सरकारी कारकून. टिपणी एकाने लिहायची आणि खाली सही दुसऱ्याची, याचे मला नवल नाही. म्हणून पुढचा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. ब्लँक यांनी श्लेसिंगरकडे पगारवाढ मागितली. ती नाकारली गेली. मग त्यांनी पडद्यावर नाव मागितले. नावाला पैसे पडत नाहीत, ते मिळाले! १९४३-४४ च्या सुमारास आवाजाचे श्रेय पाटीवर झळकू लागले, आणि त्या नावामुळे रेडिओची कामे आपोआप चालून आली.

पण याची दुसरी बाजूही आहे. एल्मर फड या शिकाऱ्याचा आवाज १९५९ पर्यंत आर्थर क्यू. ब्रायन यांचा होता. पाटीवर मात्र एकटे ब्लँक. साहजिकच लोकांना वाटले, सगळे आवाज त्यांचेच. एका अनामिकाला नाव मिळाले आणि त्याच्या सावलीत दुसरे अनामिक राहिले.

२४ जानेवारी १९६१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सनसेट बुलेव्हार्डच्या वळणावर त्यांना भीषण मोटार अपघात झाला. सुमारे दोन आठवडे ते बेशुद्ध होते. कोणत्याही हाकेला ओ नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारले, बग्ज बनी, कसा आहेस? आणि अंथरुणातून सशाच्या आवाजात उत्तर आले, असे सांगतात. पुढे प्लॅस्टरमध्ये जखडलेल्या अवस्थेत, वर मायक्रोफोन टांगून त्यांनी 'फ्लिंटस्टोन्स'मधल्या बार्नीचे संवाद म्हटले. १९८८ च्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मध्येही ते होते. १० जुलै १९८९ रोजी ते गेले. त्यांच्या थडग्यावर पोर्कीचे निरोपाचे वाक्य कोरलेले आहे.

१९९३ साली दूरदर्शनवर हिंदीतून आलेल्या मोगलीच्या मालिकेतला शेरखान आपण लगेच ओळखला, कारण तो आवाज नाना पाटेकरांचा होता. खुद्द मोगली कोणाच्या गळ्यातून बोलत होता? बगीरा कोणाच्या? आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येईल. पुढच्या वेळी मुलांबरोबर कार्टून पाहाल, तेव्हा शेवटच्या नावांपाशी रिमोट जरा खाली ठेवा.